एक टँक, तीन माणसं आणि एकोणऐंशी अंश

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं शब्दांकन. बोलताना जे सुटलं, ते लिहिताना भरलंय.)

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, नाहीतर अंथरुणात मोबाईल छातीवर ठेवून पडला असाल, आवाज थोडा वाढवा. आजचा विषय आहे टँक. म्हणजे 'हेल लेट लूज' या गेममधला टँक. आणि सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

कुर्स्कचा नकाशा, सगळीकडे मोकळं रान. आमच्या वाट्याला जर्मन बाजू आली होती आणि कमांडरने आम्हाला चक्क टायगर दिला होता. टायगर म्हणजे या गेममधलं वजनदार प्रकरण. तो मागवायला टीमचं साठवलेलं इंधन खर्च होतं, त्यामुळे तो कोणालाही सहज मिळत नाही. आम्ही तो चार मिनिटांत घालवला. समोर काही फार भारी नव्हतं, एक साधा टी-३४ होता.

का घालवला, ते शेवटी सांगतो. आधी गेम समजून घेऊ, कारण ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण फोनवर बीजीएमआय खेळणारे आहेत. तिथे गाडी म्हणजे एकाने चालवायची, बाकीच्यांनी खिडकीतून गोळ्या झाडायच्या, गाडी पेटली की उड्या मारायच्या. इथे तसं अजिबात नाही.

गेम काय आहे

'हेल लेट लूज' हा दुसऱ्या महायुद्धावरचा शूटर. ब्लॅक मॅटर या ऑस्ट्रेलियन स्टुडिओने बनवला, २०२१ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. एका बाजूला ५० खेळाडू, दुसऱ्या बाजूला ५०. पायदळाची पथकं वेगळी आणि टँकची पथकं वेगळी. टँकच्या पथकात फक्त तीन जण: एक ड्रायव्हर, एक गनर आणि एक टँक कमांडर.

हा पीसीवरचा आणि कन्सोलवरचा गेम आहे, फोनवर नाही. तरी पुढचं ऐका, कारण चार जणांनी मिळून खेळायच्या कुठल्याही गेमला यातलं बरंचसं लागू पडतं.

तिघं, आणि तिघंही अर्धे आंधळे

पहिली गोष्ट, जी मला समजायला सहा महिने लागले. टँकमध्ये बाहेरून दिसणारा कॅमेरा नसतो. म्हणजे आपला टँक आपल्यालाच मागून दिसतोय, असं काही नाही. प्रत्येकाला आपापल्या जागेवरून जेवढं दिसतं तेवढंच.

ड्रायव्हरला दिसते समोरची एक अरुंद फट. गिअर त्यालाच बदलायचे असतात. चढ आला, गिअर वरचा राहिला, की टँक कण्हायला लागतो. त्याला मागचं काहीच दिसत नाही, आणि रिव्हर्स घ्यायचा तर तोही त्यालाच.

गनरला दिसतं दुर्बिणीतलं वर्तुळ. लांबचं स्पष्ट, पण त्या वर्तुळाबाहेर अंधार. दहा पावलांवर कोणी स्फोटकांची पिशवी घेऊन पळत येत असेल, तरी त्याला पत्ता नाही.

टँक कमांडर गोल फिरून सगळीकडे बघू शकतो. पण त्याच्या हातात ना स्टिअरिंग ना तोफ. त्याच्याकडे फक्त तोंड असतं.

माझी मामेबहीण नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. आमची गनर तीच. तिच्याकडे गेलो की कॅव्हलरी टँक म्युझियमला आमची एक चक्कर ठरलेली. तिथे पाकिस्तानकडून पकडलेला पॅटन आहे, जुना चर्चिल आहे, आपला विजयंता आहे. लोक तोफेजवळ उभे राहून फोटो काढतात. आम्ही दोघं ड्रायव्हरची फट शोधत फिरतो. केवढं ते धूड आणि त्यात बघायला केवढीशी जागा! पत्रा जाड ठेवायचा तर भोकं कमी ठेवायची, हा खऱ्या टँकचाही हिशोब. गेमवाल्यांनी तो तसाच उचललाय.

तर मुद्दा असा: ही गाडी चालते बोलण्यावर. बोलणं चुकलं की बाकी सगळं बरोबर असून काही उपयोग नाही.

बोलायचं कसं

आमचा क्रम आता पक्का आहे: दिशा, अंतर, वस्तू. "दोन-चार-शून्य, दोनशे मीटर, टँक." बस. त्यात 'अरे', 'तो बघ', 'तिकडे तिकडे' काही नाही.

'दिशा' म्हणजे होकायंत्राचे अंश. पडद्यावर होकायंत्राची पट्टी असते, तीच वाचायची. डावं-उजवं म्हणायचं नाही, कारण टँकमध्ये 'उजवीकडे' या शब्दाचे तीन अर्थ होतात. धडाचं उजवं वेगळं, वरच्या फिरत्या बुरुजाचं उजवं वेगळं आणि कमांडर ज्या बाजूला बघतोय त्याचं उजवं आणखी वेगळं.

आता यात आपली मराठमोळी अडचण. एकदा मी ओरडलो, "एकोणऐंशी!" गनर विचारते, "दादा, म्हणजे एकोणनव्वद ना?" ड्रायव्हर म्हणतो, "अबे, सिक्स्टी नाइन म्हणते का तो?" तिघांचे तीन आकडे! आपल्या संख्यांमध्ये एकक आधी आणि दशक नंतर, आणि एकोण-वाले तर पुढच्या दशकाचं नाव घेऊन येतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मीही तेव्हा तावातावाने 'एकवीस'च्या बाजूने भांडलो होतो. पण टँकमध्ये बसल्यावर कळलं, की घाईत ऐकू येण्यासाठी सुटे अंक बरे. सात-नऊ. संपलं. घरी एकोणऐंशी म्हणा, टँकमध्ये सात-नऊ.

'वस्तू' का सांगायची? गोळे दोन प्रकारचे असतात. एक चिलखत भेदणारा, टँकसाठी. दुसरा फुटणारा, पायदळासाठी आणि घरांसाठी. एक बदलून दुसरा भरायला काही सेकंद जातात. "टँक" हा शब्द शेवटी का होईना, पण वेळेत आला, तर गनरचे ते सेकंद वाचतात. नाहीतर समोर शर्मन उभा आणि आपल्या तोफेत फुटणारा गोळा.

आणि शेवटचं: ऐकणाऱ्याने परत म्हणायचं. मी म्हणतो, "मागे, सरळ." ड्रायव्हर म्हणतो, "मागे सरळ घेतो." आम्ही सॉफ्टवेअरवाले याला अॅकनॉलेजमेंट म्हणतो. एक निरोप गेला, तो पोचल्याचा दुसरा निरोप आला. तो आला नाही तर निरोप गेलाच नाही, असं धरायचं.

तोंड शत्रूकडे, पाठ कधीच नाही

टँकचं चिलखत सगळीकडे सारखं नसतं. पुढे जाड, बाजूला कमी, आणि मागे इंजिन. खऱ्या पँथरची पुढची वरची पाटी ८० मिलिमीटरची होती, पण उभ्या रेषेपासून ५५ अंश कललेली. आडव्या येणाऱ्या गोळ्याला त्यामुळे साधारण १४० मिलिमीटर पोलाद कापावं लागे. त्याच पँथरच्या बाजू मात्र याच्या जवळपासही नव्हत्या.

म्हणून नियम सोपा. मार पडायला लागला की वळून पळायचं नाही. तोंड शत्रूकडेच ठेवून रिव्हर्स घ्यायचा. वेग कमी मिळतो, माहीत आहे. पण वळताना आधी बाजू उघडी पडते, मग पाठ, आणि तेवढ्यात खेळ खलास.

त्यामुळे पुढे जायच्या आधीच मागे यायची वाट ठरवायची. आमचा ड्रायव्हर कुठल्याही टेकाडावर चढायच्या आधी विचारतो, "उतरायचं कुठून बे?" उत्तर नसेल तर तो चढत नाही. शक्यतो टेकाडाच्या अलीकडेच थांबायचं, नुसता बुरुज वर काढायचा, दोन गोळे टाकायचे, खाली यायचं, जागा बदलायची. त्याच जागी परत डोकं काढलं की समोरचा वाटच बघत असतो.

टायगरचा बुरुज हळू फिरतो. घाईत ड्रायव्हरने धडही त्याच दिशेला वळवलं तर तोफ लवकर पोचते. पण मग दोघांनी एकाच दिशेला वळायला हवं, आणि ती दिशा बरोबर हवी. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

एकटा टँक म्हणजे मेलेला टँक

नवीन लोकांना वाटतं, टँक आहे ना, घुसा गावात. गावात घुसलात की संपलात. खिडकीतून बझूका, रस्त्यात सुरुंग, कोपऱ्यावरून स्फोटकांची पिशवी. टँकला सगळ्यात मोठी भीती टँकची नाही, जवळ आलेल्या एका शांत माणसाची.

म्हणून पायदळ सोबत पाहिजे. पथकप्रमुखांची एक वेगळी व्हॉइस लाइन असते, टँक कमांडर तिच्यावर बोलू शकतो. तिथे मी मदत मागत नाही, आधी देऊ करतो: "चर्चच्या बाजूची मशीनगन आम्ही गप्प करतो, तुम्ही आमच्या डाव्या कुंपणात राहा." इथे 'डाव्या' चालतं, कारण कुंपण एकच आहे! दोन-तीन वेळा असं काम केलं की पायदळवाले स्वतःहून सांगायला लागतात, "टँकवाले, तुमच्या मागे एक जण आलाय."

अधूनमधून इंजिन बंद करून ऐकायचं. आपलं इंजिन चालू असताना समोरच्याचं ऐकू येत नाही, आणि आपलं मात्र त्याला अर्ध्या गावातून ऐकू जातं. दहा सेकंदांची शांतता पुष्कळ काही सांगून जाते.

आणि जखमी टँक मागे न्यायचा. दुरुस्ती करून परत यायचं. टँक जिवंत आहे तोवर शत्रूची चार-पाच माणसं त्याला शोधण्यात गुंतलेली असतात. तो मेला की ती मोकळी झाली.

आता त्या चार मिनिटांचं

कुर्स्कवर मी कमांडर होतो. ड्रायव्हर माझा हॉस्टेलचा रूममेट, आता नागपूरला असतो. मी मागच्या बाजूला बघत होतो. मला टी-३४ दिसला आणि मी ओरडलो, "उजवीकडे! उजवीकडे!"

मी मागे तोंड करून होतो. माझं उजवं म्हणजे टँकचं डावं. ड्रायव्हरने इमानदारीत धड उजवीकडे वळवलं, बहिणीने बुरुज उजवीकडे फिरवला. आमची पाठ बरोबर टी-३४ च्या तोफेसमोर आली.

त्यानंतर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात, "तुला साधं वळता येत नाही का, चार वर्षं हॉस्टेलमध्येही असाच होतास." दुसऱ्या पथकातले दोघे-तिघेही ऐकत होते. तो काही बोलला नाही, गेममधून बाहेर पडला. मग तीन आठवडे नाही. ग्रुपवर निळ्या खुणा यायच्या, उत्तर नाही.

मला खरंच वाटत होतं की चूक त्याची आहे. नंतर या पॉडकास्टसाठी त्या रात्रीचं रेकॉर्डिंग कापायला बसलो आणि माझाच आवाज ऐकला. "उजवीकडे." दोनदा. अगदी स्पष्ट. बहिणीला पाठवलं. तिचा मेसेज आला, "दादा, त्याने तुझंच ऐकलं होतं. मीपण."

फोन केला. माफी मागितली. तो म्हणाला, "मले तेव्हाच माहीत होतं बे. पण तू ऐकायच्या मूडमध्ये होता का?" मग म्हणाला, "एक दिवस तू बस माझ्या जागेवर."

बसलो. त्या फटीतून मला दिसलं थोडं गवत आणि थोडं आकाश. कानात बहीण ओरडत होती, तो ओरडत होता, आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. मी टँक एका खड्ड्यात घातला. तो हसला नाही, म्हणाला, "गिअर खाली घे. मी सांगतो तसा ये." आणि आकडे सांगत, एकेक करून, त्याने मला बाहेर काढलं.

तेव्हापासून आमचा नियम: दर तीन मॅचनंतर जागा बदलायच्या. आणि टँक गेला की पहिली दोन मिनिटं कोणी कोणाला काही बोलायचं नाही. पाणी प्यायचं. मग रेकॉर्डिंग ऐकायचं.

तर मंडळी, आज रात्री खेळायला बसाल, टँक असो नाहीतर बीजीएमआयची जीप, एकदा आपलीच मॅच रेकॉर्ड करा आणि फक्त आवाज ऐका. कोण काय म्हणालं आणि कोणी काय केलं. काय सापडलं ते व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात वाजवतो.

आमचा ड्रायव्हर हा भाग ऐकणार आहे. त्याची परवानगी घेऊनच सगळं सांगितलंय. त्याची अट एकच होती, शेवटी हे म्हणायचं: कुर्स्कवर तो बरोबर वळला होता.

भेटू पुढच्या भागात.