घड्याळाबाहेरची ड्यूटी

आधी बारामती, तेथे न भागल्यास पुण्याचे ससून. लोणी भापकरच्या अडलेल्या रोग्याची ही वाट. तेथे अपरात्री त्याला सामोरा येतो तो निवासी डॉक्टर.

आठवड्याला ४८ तासांपलीकडे राबणाऱ्या गिरणीकामगाराला १९४८ च्या कारखाना कायद्याने दुप्पट मजुरी दिली. निवासी डॉक्टरांसाठीही केंद्र सरकारने १९९२ साली तेच ४८ तास सांगितले. सलग बारांहून अधिक नकोत. पण सोबत ‘कामाच्या निकडीनुसार’ अशी पळवाटही ठेवली!

ऑस्ट्रेलियातले तरुण डॉक्टर मात्र कोर्टात गेले. जादा कामाला मंजुरी नव्हती, हा पेनिन्सुला हेल्थ या रुग्णसंस्थेचा बचाव. राउंडची तयारी, केसपेपर लिहिणे, पाळी बदलताना रोगी सोपवणे ही कामे टाळता येत नाहीत, सबब मंजुरी त्यांतच आली, असा निकाल फेडरल कोर्टाने २०२३ साली दिला. पुढच्याच वर्षी न्यू साउथ वेल्स सरकारने अशाच दाव्यात सुमारे २३ कोटी डॉलरवर तडजोड केली.

वाचकहो, प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. जादा तास फुकट मिळतात तोवर आणखी एक डॉक्टर नेमण्याची घाई कोणाला? आणि त्या जागरणाने थकलेल्या हातात नाडी असते ती आपल्याच माणसाची.