राहू दे चिल्लर

‘टिप’ला मराठीत शब्द नाही असं कोणी म्हणत असेल, तर त्याने आपलीच भाषा नीट चाळलेली नाही. बक्षिसी आहे, खुशाली आहे, चहापाणी आहे (हा शब्द पुढे सरकारी कचेऱ्यांनी नासवला, तो भाग वेगळा) आणि दिवाळीची पोस्त आहे. पोस्टमन, नगरपालिकेचा झाडूवाला, रात्रीचा गुरखा यांनी पाडव्याच्या सुमारास दारात यावं, पोस्त मागावी आणि घरच्यांनी कुरकुरत का होईना ती द्यावी, अशी रीत होती. मुंबईच्या डबेवाल्यांना दिवाळीत एका महिन्याचे पैसे जादा देण्याची पद्धत याच गोत्रातली. या सगळ्या देण्यामागे ओळख होती. वर्षभर ज्याचं तोंड पाहिलं, त्याच्या हातावर आपण काही ठेवत होतो.

मोबाइलवरून मागवलेलं जेवण घेऊन येणाऱ्या पोरांना पोस्त कोण देणार? मोठ्या शहरांत रोज नवा चेहरा, त्यामुळे प्रश्नच उद्भवत नाही. वर्ध्याची गोष्ट निराळी आहे. आर्वी नाक्यावर, बजाज चौकात, सावंगीच्या आणि सेवाग्रामच्या इस्पितळांच्या रस्त्यावर लाल-नारिंगी पिशव्या पाठीला लावून फिरणारी पोरं महिन्या-दोन महिन्यांत ओळखीची होतात. कोण सेलूचा, कोण देवळीकडचा, कोणाचा बाप कपाशीवाला, हे आपल्याला दारातल्या दारात कळतं. तरीही टिप द्यायची की नाही हे विचारतो मोबाइल, आणि तेही ऑर्डर देतानाच, म्हणजे पोरगा दुकानातून निघण्याच्याही आधी! काम होण्यापूर्वीच खूश होऊन दाखवायचं, ही बक्षिसीची तऱ्हा आपल्या वाडवडिलांना समजली नसती.

पण मला बोलायचं आहे ते रोख पैशांबद्दल. आयुष्याची बत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला कोणाच्या हातात नोट दिसली, की ती कोणाच्या खात्यावरची हा प्रश्न आधी पडतो. ‘घरपोच पैसे’ या सोयीत ग्राहक तीनशे बेचाळीस रुपये पोराच्या हातावर ठेवतो आणि ते त्याला मिळाले असं समजतो. वास्तविक त्या क्षणी तो पोरगा कंपनीचं तेवढं देणं लागतो. त्याच्या मोबाइलवर ती रक्कम त्याच्या नावावर चढते. साठत साठत ती ठरलेल्या मर्यादेला पोचली, की भरणा होईपर्यंत त्याला रोखीच्या ऑर्डरी मिळत नाहीत. भरणा राहिला तर त्याच्या कमाईतून वळता होतो. सारांश, खिशात दोन हजार आणि स्वतःचे त्यातले साठ, अशी त्याची अवस्था रात्री अकरा वाजता असते.

बँकेत रोखपालाच्या समोर काच असते, मागे तिजोरी असते, आणि रोख हाताळण्याच्या जबाबदारीपोटी पगारात एक भत्ताही असतो. रोख कमी भरली तर पदरचे घालावे लागतात, म्हणून तो भत्ता. इथे काऊंटर म्हणजे मोटारसायकलची सीट आणि तिजोरी म्हणजे पँटचा खिसा. फाटकी नोट खपवण्यासाठी आपल्यातल्या प्रतिष्ठितांनाही हाच पोरगा सापडतो. फाटकी नोट बँकेत बदलून मिळते, दहा-वीसची असेल तर अर्ध्याहून अधिक तुकडा शाबूत असला की पूर्ण किंमत मिळते, हे खरं; पण त्यासाठी बँकेत जायला त्याला सवड कुठली? दहाच्या नाण्याचंही तेच. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली चौदाही नमुन्यांची नाणी चलनात असल्याचं जाहीर केलं. आपल्या भागातला किराणावाला अजून नाक मुरडतो. मग नाणी जातात पोराकडे.

आणि मग तो संवाद. आपण पाचशेची नोट पुढे करतो. तो म्हणतो, ‘‘काकाजी, चिल्लर नाही न जी.’’ पुढचं जेवण दुकानात थंड होत असतं. आपण शेजाऱ्याकडे सुटे मागायला जातो, त्याची मिनिटं जातात. कंपन्यांना ही अडचण कळत नाही असं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये झोमॅटोने तोड काढली: ग्राहकाने पूर्ण नोट द्यावी, उरलेले पैसे त्याच्या मोबाइलवरच्या खात्यात जमा होतील. ग्राहकाची सोय झाली, पोराची धावपळही वाचली. पण जमाखर्च मांडून पाहा. ग्राहकाने ठेव ठेवली, कंपनीने ती स्वीकारली आणि पोराच्या नावावरचं देणं तेवढ्याने वाढलं. ‘राहू दे चिल्लर’ म्हणण्याची जी एक जागा होती, ती मात्र गेली.

त्या जागेची किंमत किती? झोमॅटोच्या संस्थापकांनीच २०२६ च्या जानेवारीत आकडे दिले. २०२५ मध्ये तासाची सरासरी कमाई १०२ रुपये, तीही पेट्रोल-दुरुस्तीचा खर्च वजा करण्यापूर्वी. आणि टिप तासाला २ रुपये ६० पैसे. शंभरातल्या साधारण पाचच ऑर्डरींवर टिप मिळते. ती संपूर्ण पोरांना जाते, असं कंपनी सांगते. पण दारात हातावर ठेवलेल्या दहा-वीसची नोंद या आकड्यांत असायचं कारण नाही. खिशातल्या रोकडीतली निखळ त्याची अशी तेवढीच, आणि ती त्याच रात्री पेट्रोलच्या टाकीत पडू शकते. म्हणून बिल मोबाइलवरून भरा आणि बक्षिसी रोख द्या, असं मी ओळखीच्यांना सांगत असतो. रोखीनेच बिल द्यायचं तर मोजून, सुटे तयार ठेवून द्यावं.

यावर एक मित्र म्हणाला, ‘‘मजुरी कंपनीने द्यायची, मी का?’’ मुद्दा बिनतोड आहे, आणि तो वर्ध्याच्या लोकांना नवा नाही. १९३५ साली गांधीजी इथे मगनवाडीत राहत होते. सूत कातणाऱ्या बाईला आठ तासांच्या कामाला पोट भरेल इतकी किमान मजुरी मिळालीच पाहिजे, हा आग्रह त्यांनी चरखा संघाकडे त्याच वर्षी धरला आणि संघाने ते तत्त्व मान्य केलं. खादी महाग होईल अशी भीती होती. झालीही. गांधीजींचं म्हणणं असं, की गिऱ्हाइकाने ती महाग घ्यावी. कातणारीला बक्षिसी द्या, असं ते म्हणाले नाहीत.

आजचा कायदा तिथवर पोचलेला नाही. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. तीत या पोरांचं नाव प्रथमच आलं. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या विमा-निवृत्तीसारख्या योजनांसाठी द्यायची आहे, आणि तीही पोरांना दिलेल्या पैशांच्या पाच टक्क्यांच्या आतच. तासाला किमान किती मिळावे, याबद्दल ती संहिता काही बोलत नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे अशा प्रकारची कामं करणारे देशात २०२०-२१ मध्ये ७७ लाख होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील.

त्यातले काही वर्ध्यात आहेत. गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीतल्या दोन घरांनी, येणाऱ्या चार ओळखीच्या पोरांना पाकिटात घालून पोस्त दिली. त्यातल्या एकाने तिथेच पाकीट उघडलं, मोजलं आणि विचारलं, ‘‘हे कंपनीत भरायचे नाहीत न जी?’’