फिरणे सोडू नका, वाट निवडा

‘डॉक्टर, पाय चालतात हो, फूटपाथ चालू देत नाही,’ ८२ वर्षांचे एक आजोबा मला म्हणाले. पुण्यातील पेठेत उखडलेल्या फरशीला ठेचकाळून ते पडले होते. हाड मोडले नाही, पण मनाने धास्ती घेतली. फिरणे सुटले. सहा महिन्यांत मांड्यांचे स्नायू रोडावले आणि घरातही तोल जाऊ लागला. भीतीने चालणे सोडले की पडण्याचा धोका वाढतोच, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

पदपथाकडून आपल्याला काय हवे, हे वस्तीनुसार बदलते. बाजारपेठेत हवी मोकळी रुंदी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत व्यापारी भागासाठी किमान २.५ मीटर, तर निवासी भागासाठी १.८ मीटर मोकळी वाट सांगितली आहे. हातगाड्या आणि दुचाकींमधून प्रत्यक्षात तेवढी क्वचितच उरते. म्हणून मंडईत गर्दी होण्यापूर्वीच जाऊन यावे.

निवासी भागात हवी सलग, सपाट वाट. तेथे प्रत्येक फाटकापाशी पदपथ उतरतो आणि पुन्हा चढतो. बायफोकल चष्म्याच्या खालच्या भागातून पायाजवळची पायरी धूसर दिसते. अशा ठिकाणी क्षणभर थांबून, मान खाली झुकवून वरच्या भागातून पाहावे. सांधेदुखी किंवा दम लागणाऱ्यांना बाकही हवा. जंगली महाराज रस्त्यावरील रुंद पदपथांवर अशी बसण्याची सोय आहे.

मोठ्या चौकात प्रश्न वेळेचा. पादचारी सिग्नलसाठी चालण्याचा वेग सर्वसाधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात. त्या वेगाने १५ मीटर रस्ता साडेबारा सेकंदांत ओलांडला जातो, ०.८ मीटर वेगाने चालणाऱ्या आजींना मात्र जवळजवळ १९ सेकंद लागतात. म्हणून आधीच सुरू झालेला हिरवा दिवा सोडून द्यावा आणि पुढच्या दिव्याच्या आरंभी निघावे.

काळजीवाहकांनो, एकदा त्यांच्यासोबत, त्यांच्याच गतीने ती वाट चालून पाहा. अडथळे टिपा, छायाचित्रासह क्षेत्रीय कार्यालयाकडे तक्रार नोंदवा. त्या आजोबांच्या सूनबाईंनी हेच केले आणि सपाट वाटेवरचे एक बाक शोधून काढले. आता आजोबा रोज तिथवर जातात, घटकाभर टेकतात आणि आपल्या पायांनी परत येतात.