विडी सुटली, पण पुडीचे काय?



आडसाली लागणीच्या नोंदी घेत फिरताना एका बांधावर टेकलो होतो. एक जुने सभासद अभिमानाने म्हणाले, "साहेब, विडी सोडून पाच वर्षं झाली. धूर म्हणून नाही आता!" असे म्हणत त्यांनी पुडी काढली, चुना लावून तंबाखू मळली आणि निम्मी चिमूट माझ्या हातावर ठेवली. मीही ती दाढेखाली सारली. खोटे कशाला बोलू?

ही गोष्ट आम्हा दोघांचीच नव्हे, सबंध राज्याची आहे. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने २००९-१० आणि २०१६-१७ साली १५ वर्षे व त्यावरील लोकांची पाहणी केली. महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे पहिल्या पाहणीत शेकडा ६.६ होते, दुसऱ्या पाहणीत ते ३.८ वर आले. देशात हे प्रमाण तेव्हा १०.७ होते. म्हणजे धुराच्या बाबतीत आपले बरे चालले होते.

पण खायची तंबाखू, गुटखा, मशेरी? तो आकडा २७.६ वरून २४.४ वरच आला. दर चार माणसांत जवळजवळ एक! बायकांत ओढणाऱ्या शेकडा १.४, तर न ओढता तंबाखू वापरणाऱ्या १६.६. पहाटे मशेरी लावणाऱ्या माउलीला आपण व्यसनी म्हणतच नाही. पण तोंडाचा कॅन्सर धूर आणि पुडी असा भेद करीत नाही.

लागणीचा ऊस मोजला आणि खोडवा मोजायचा राहिला, तर गाळपाचा अंदाज चुकणारच. विडीचे तसेच आहे.

आता ई-सिगारेट निघाली आहे. बॅटरीवर द्रव तापवायचा आणि त्याची वाफ ओढायची. ग्रेट ब्रिटनमध्ये २०२४ साली १६ वर्षांवरील लोकांत सिगारेट ओढणारे शेकडा ९.१, तर ही वाफ ओढणारे १०. तंबाखू जळत नाही हे खरे, पण त्या द्रवात बहुधा निकोटीन असतेच, आणि चटक लावते ते तेच. याच निकोटीनची फवारणी पूर्वी माव्यावर करीत, हे आपल्यातल्या जुन्या बागाईतदारांना आठवत असेल. आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटच्या विक्रीला व साठ्याला बंदी आहे. शहरात शिकणाऱ्या मुलाच्या खिशात पेनासारखी वस्तू दिसली, तर न ओरडता पण जरूर विचारा.

पण मुलाला विचारण्याआधी आपला खिसा तपासावा लागेल. मी पुडी बंद करून तीन महिने झाले. पहिला आठवडा जड गेला. तलफ येते, पण पाणी पिऊन थोडा वेळ काढला की ओसरते. मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फोन मोफत आहे.

यंदा नोंदीला आलो की चहा जरूर द्या. चिमूट मात्र नको, एवढीच नम्र विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी