अन्नरक्षणाचा नवा विचार

किराणा, लोणची, मसाले अथवा तयार खाद्यपदार्थ यांचा व्यापार करणाऱ्या आमच्या सभासद बंधूंस माल नासण्याचे दुःख नव्याने सांगावयास नको. चव वा वास पालटलेला पदार्थ ‘चलितरस’ म्हणून वर्ज्य मानण्याची शिकवण आमच्या घराघरांत आहे. परंतु कारखान्यातून निघालेला डबा गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत महिने लोटतात, आणि परिरक्षक द्रव्यांचा आश्रय घ्यावा लागतो. ते द्रव्य पोटात गेल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न आमच्या पेढ्यांच्या पतीशी निगडित आहे.

जुन्या द्रव्यांस मर्यादा आहेत. सोडियम बेंझोएट आंबट पदार्थांतच चांगले काम देते. सल्फर डायऑक्साइडने दम्याच्या काही रोग्यांस त्रास होतो. चतुर्थक अमोनियम संयुगे जंतुनाशक म्हणून प्रभावी खरी, पण ती फरशी व भांडी निर्जंतुक करण्यासाठी. अन्नात मिसळण्यासाठी नव्हेत. त्यांच्या प्रभावाचे मर्म असे की, रेणूचे एक टोक धनभारित व दुसरे स्निग्ध असते. जंतूचे आवरण ऋणभारित असल्याने पहिले टोक त्यास चिकटते, दुसरे आत शिरते, आणि आवरण फाटून जंतू निकामी होतो.

हीच रचना शरीरास पचेल अशा घटकांतून साधावी, या दिशेने स्पेनमधील बार्सेलोना येथील संशोधकांनी १९८०च्या दशकात प्रयत्न केले. त्या परंपरेतील द्रव्य म्हणजे लॉरिक आर्जिनेट. त्याचे धनभारित टोक आर्जिनीन या अमिनो आम्लाचे. शेंगदाण्याच्या प्रथिनांत ते विपुल असते. स्निग्ध टोक लॉरिक आम्लाचे. खोबरेल तेलातील मेदाम्लांपैकी सुमारे निम्मा वाटा त्याचाच. शरीरात हे जोड सुटतात व आर्जिनीन, लॉरिक आम्ल आणि अत्यल्प मद्यार्क उरतो. काम झाल्यावर द्रव्याने स्वतःच मोडून जावे, हाच या संशोधनाचा गाभा होय.

तथापि ‘सुरक्षित’ हा शब्द मात्रेवाचून अपुरा आहे. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २००७ साली दैनिक मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.५ मिलिग्रॅम ठरविली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २००८ साली ती ४ मिलिग्रॅमपर्यंत मानली. एकाच द्रव्याविषयी आठपट अंतर! युरोपात २०१४ साली ई २४३ या क्रमांकाने मिळालेली परवानगीही उष्णतेने प्रक्रिया केलेल्या मांसपदार्थांपुरतीच होती. सबब परदेशी परवाना पाहून आपल्या लोणच्यात ते घालणे योग्य नव्हे; भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे नियम त्या त्या पदार्थासाठी प्रथम तपासावे. शिवाय ते प्रथिनांशी बांधले जाऊन निष्प्रभ होऊ शकते व अधिक मात्रेने पदार्थास कडवटपणा येतो.

शाकाहारी ग्राहकांसाठी आणखी एक दक्षता हवी. अमिनो आम्ले किण्वनाने मिळतात, तशीच पिसे, केस अशा प्राणिज प्रथिनांतूनही काढता येतात. रेणू एकच, पण उगम निराळा. तेव्हा पुरवठादाराकडून उगमाचा लेखी दाखला मागणे हे व्यापाऱ्याचे कर्तव्य होय.

परिरक्षक हे चांगल्या मालाचे रक्षण आहे, निकृष्ट मालाचे पांघरूण नव्हे. शुद्ध कच्चा माल, स्वच्छ भांडे, कोरडे गोदाम यांना पर्याय नाही. विज्ञानाचे नवे साधन याच जुन्या नीतीच्या जोडीने वापरले जावे, एवढीच आमची सभासदांस विनंती.