गुरुजींची खरी शाळा

वरंध घाटाखालीं राहणाऱ्या आपणां कोंकणवासीयांस साने गुरुजी परके नाहींत. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यांतील पालगड गांवीं २४ डिसेंबर १८९९ रोजीं पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला. १९२४ सालीं ते खानदेशांत अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक झाले. वर्गांत ते मनापासून शिकवीत. परंतु त्यांची खरी शाळा वसतिगृहांत भरे. मुलांच्या खोल्या झाडाव्या, त्यांचे कपडे धुवावे, आणि ‘छात्रालय’ हें हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून त्यांच्यापुढें ठेवावें, असा त्यांचा क्रम असे. सेवेचा धडा त्यांनीं असा आचरणांतून दिला.

१९३० सालीं स्वातंत्र्याच्या चळवळीसाठीं त्यांनीं नोकरी सोडली. शिक्षकाची वृत्ति मात्र सुटली नाहीं. १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत अवघ्या पांच दिवसांत त्यांनीं ‘श्यामची आई’ हें पुस्तक लिहिलें. त्यांतील श्यामही रोज रात्रीं आश्रमांतील सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो. जणू तेंच वसतिगृह तेथें पुन्हा भरतें! ११ जून १९५० रोजीं गुरुजी निवर्तले.

परीक्षेंत गुण किती मिळाले, हें पालक मुलांस विचारतातच. आज कोणाच्या उपयोगीं पडलास, हेंही त्यांनीं विचारावें.