मोत्या, मुंग्या आणि फरशी

आपल्या घराला वास येतो, हे घरातल्यांना सर्वांत शेवटी कळते. आम्हाला ते सांगितले धुळ्याच्या आत्याबाईंनी. २०२३ च्या श्रावणात त्या आमच्या पुण्याच्या घरी उतरल्या, दारात चपला काढता काढता थबकल्या आणि म्हणाल्या, "काय गं, तिसऱ्या मजल्यावर गोठा काढलायस की काय?"

गोठा नव्हता, मोत्या होता. वय वर्षे अकरा आणि माझ्या सासऱ्यांची, म्हणजे नानांची, सावली. उभ्या जन्मात घर न खराब केलेला हा कुत्रा त्या पावसाळ्यात रात्री-अपरात्री आत मुतू लागला होता.

मग आमचे फिनेलपर्व सुरू झाले. सकाळी पांढरे फिनेल, संध्याकाळी लिंबाच्या वासाचे. चार तास बरे जात, मग गोठ्यात अत्तर सांडल्यासारखा नवाच दर्प सुटे. आमच्या ह्यांनी संडास धुण्याचे ॲसिड ओतले. फरशी लखलखली, पण सांध्यांतले सिमेंट भुसभुशीत झाले. मी ब्लीचिंग पावडर टाकली, तर डोळ्यांतून धारा आणि घशात खवखव! मुत्रातल्या अमोनियाशी ब्लीच मिसळले की विषारी वायू तयार होतो, हे मला मागाहून कळले. तुम्ही तो प्रयोग मुळीच करू नका.

त्यातच मुंग्या झाल्या. नानांच्या खोलीच्या दाराशी रोज काळी रांग. नानांना मधुमेह, गोड बंद. सासूबाईंनी त्यांची उशी झटकली, कपाट उपसले. "पेढे कुठे लपवलेत ते सांगा!" नाना दुखावले आणि दोन दिवस मुकाट्याने जेवले. तिसऱ्या दिवशी ह्यांनी जाहीर केले, की मोत्याला सासवडला दिरांच्या मळ्यावर पाठवायचे. नाना ताटावरून उठता उठता नुसते "बरं" म्हणाले. त्या "बरं"नंतर मला भात गिळवेना.

रविवारी माझा भाचा आला. रसायनशास्त्र शिकलेला मुलगा. त्याने अतिनील प्रकाशाची एक छोटी बॅटरी आणली आणि रात्री सगळे दिवे मालवायला लावले. अंधारात वाळलेल्या मुताचे डाग फिकट पिवळट-हिरवे चमकतात. निळसर दिसते ते बहुधा धुण्याच्या पावडरीचे, एवढा भेद ध्यानात ठेवायचा. आम्ही गॅलरीचा कोपरा घासघासून झिजवला होता, तिथे काहीच नव्हते. सगळे डाग नानांच्या दाराशी होते.

"मावशी, फरशी पाणी पीत नाही. तिच्यामधलं सिमेंट पितं, खारी चहा पिते तसं," भाचा म्हणाला. आत मुरलेली द्रव्ये सुकली की गप्प बसतात आणि दमट हवा लागली की पुन्हा बोलू लागतात. आम्ही ओले पोछे मारून त्यांना रोज जागे करीत होतो.

मग त्याने विचारले, "ह्याला पाणी किती लागतं?" मी दिवसातून तीनदा भांडे भरत होते! दुसऱ्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली. मोत्यालाच मधुमेह होता. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत मुंग्यांची ही खूण लिहून ठेवलेली आहे, आणि आम्ही पेढे शोधत होतो.

नाना बराच वेळ मोत्याच्या पाठीवरून हात फिरवीत राहिले. "मी रात्री कानातलं यंत्र काढून ठेवतो," ते म्हणाले. "तो मला उठवायला येत होता."

फरशीचे सांगते. आधी साध्या पाण्याने फिनेलचा अंश पार धुऊन काढला, कारण मुतातली द्रव्ये पचवणारे एन्झाइमचे औषध फिनेलपुढे निकामी होऊ शकते. हे औषध पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळते. ते पुसायचे नाही, ओतायचे. सांधे भिजेपर्यंत ओतून वर प्लॅस्टिक झाकले आणि रात्रभर मुरू दिले. घाई केली की पैसे वाया. आम्हाला तीन खेपा लागल्या. दरम्यान जुन्या टूथब्रशने सांधे घासले. भुसभुशीत झालेले सांधे गवंड्याकडून खरवडून पुन्हा भरून घेतले आणि ते पूर्ण वाळल्यावर वरून सीलर लावला. ताजे मूत मात्र लगेच जुन्या वर्तमानपत्राने टिपावे. फडक्याने पसरवू नये. आणि घरात मांजर असेल, तर काळ्या फिनेलला हात लावू नका. त्यातली द्रव्ये मांजराला बाधतात.

सासवडला फोन ह्यांनीच केला, की कोणी येणार नाही म्हणून. सासूबाईंनी पेढ्यांचा विषय पुन्हा काढला नाही, पण नानांच्या चहात त्या दिवशी दूध जरा सढळ होते.

मोत्याला आता जेवणानंतर दोन्ही वेळा इन्शुलिन टोचतात, आणि ते नानाच टोचतात. "माझ्यापेक्षा शहाणा रोगी आहे," म्हणतात. तो त्यांच्या खाटेशी झोपतो. त्याच्या पट्ट्याची दोरी नाना मनगटाला सैलशी गुंडाळून घेतात. हिसका बसला की दोघेही उठतात. रात्री दोनच्या सुमारास लिफ्ट खाली गेल्याचा आवाज येतो, मी कूस बदलते, आणि थोड्या वेळाने ती वर येते.